ठिपक्यांची भिंत

शिकागो शहराचे आणि आपले नाते तसे जुने आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलायला उभे राहिले ते याच शहरात. ज्या इमारतीत ते बोलले ती आजही उभी आहे आणि तिचे आता चित्रसंग्रहालय झाले आहे. मिशिगन ॲव्हेन्यूवर, ऊनपावसाने हिरवे पडलेले दोन ब्राँझचे सिंह तिच्या दाराशी पहारा करीत असतात. २०१० साली आपल्या मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी या संग्रहालयाच्या भव्य जिन्यावर, पायरीपायरीच्या उभ्या अंगावर, स्वामीजींच्या त्या भाषणाची अक्षरे दिव्यांच्या ठिपक्यांनी उमटविली होती. जिना चढता चढता भाषण वाचायचे! मी गेलो तेव्हा ती अक्षरे तिथे नव्हती. तरीही त्या पायऱ्या चढताना मराठी माणसाचा पाय थोडा अडखळतो, हे मात्र खरे.

पण मला आज सांगायचे आहे ते स्वामीजींविषयी नव्हे. शिकागोत मी जे जे पाहिले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. ती गोष्ट म्हणजे ठिपका. आपल्या बायका दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात. आधी नुसते ठिपके, मग त्यांतून कमळ, कासव, मोर. या शहराने त्याच ठिपक्यांचे काय काय करून ठेवले आहे, ते पाहून मी चकित झालो.

ही हकीगत २०१८ च्या जून महिन्यातली. माझी भाची त्या वेळी शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात नगररचना शिकत होती. मामाला शहर दाखवण्याचे काम तिने आपण होऊन अंगावर घेतले, आणि नगररचनेची विद्यार्थिनी असल्यामुळे पहिल्याच दिवशी मला नेले ते थेट आभाळात. विलिस टॉवर ही एकशेदहा मजल्यांची इमारत. पूर्वी तिला सिअर्स टॉवर म्हणत, आणि तिथले जुने लोक अजून तसेच म्हणतात. तिच्या १०३ व्या मजल्यावर, जमिनीपासून १३५३ फुटांवर, भिंतीबाहेर काढलेले काचेचे सज्जे आहेत. तळही काचेचा. त्यावर उभे राहून पायाखाली शहर पाहायचे! मी भिंतीला धरूनच पाहिले. एका अंगाला समुद्रासारखे अफाट मिशिगन सरोवर आणि बाकी तिन्ही दिशांना आलेखाच्या वहीसारखे आखलेले रस्ते. किती नेटके शहर, असे सहज तोंडून निघून गेले.

“वरून सगळीच शहरं नेटकी दिसतात, मामा,” भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या सिंहांच्या संग्रहालयात गेलो. तिथे जॉर्ज स्युरा या फ्रेंच चित्रकाराचे एक जगप्रसिद्ध चित्र आहे. पॅरिसजवळच्या एका बेटावर रविवारच्या दुपारी जमलेली माणसे, छत्र्या, झाडे, कुत्री आणि एक माकड. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असे हे चित्र १८८४ ते १८८६ या काळात रंगविले गेले आणि १९२६ पासून ते शिकागोत आहे. दुरून पाहिले तर हिरवळीवर ऊन सांडलेले. जवळ जावे तर ऊनही नाही आणि हिरवळही नाही, नुसते ठिपके! पिवळ्याशेजारी निळा, निळ्याशेजारी नारिंगी. रंग पाटीवर कालवण्याऐवजी ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि कालवण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे, अशी स्युराची कल्पना होती. हा माणूस १८९१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला. पण पडद्यावर चित्र उमटवण्याची पुढची सारी विद्या याच युक्तीवर चालते, हे मला त्यानंतर दोन दिवसांनी कळायचे होते.

संग्रहालयासमोरच्या बागेत एक कारंजे आहे. स्पेनचे शिल्पकार हाउमे प्लेन्सा यांनी २००४ साली ते उभारले. काचेच्या विटांचे, पन्नास फूट उंचीचे दोन मनोरे एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. त्यांच्या आत दिव्यांचे असंख्य ठिपके, आणि त्या ठिपक्यांतून उमटतात ते माणसांचे चेहरे. राजाचे नाहीत, पुढाऱ्याचे नाहीत. शिकागोच्या हजारेक साध्या रहिवाशांचे. चेहरा हळूहळू डोळे मिटतो, उघडतो, मग ओठांचा चंबू करतो आणि त्या तोंडातून खरोखरीच्या पाण्याची चूळ खालच्या पोरांच्या अंगावर पडते! पोरांचा आरडाओरडा काय विचारता! मी काठावर बसून अर्धा तास तो सोहळा पाहिला. शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी आपल्या नातवाला हाका मारमारून घसा कोरडा केला, पण तो काही पाण्याबाहेर आला नाही.

“ही भिंत आवडली ना? मग उद्या आमच्याकडची भिंत दाखवते,” भाची म्हणाली.

तिच्या विद्यापीठाला जाणारी ब्लू लाईनची गाडी एका रुंद मोटाररस्त्याच्या मधोमध धावते. स्टेशनही रस्त्याच्या मध्येच. दोन्ही बाजूंनी मोटारींचे लोंढे आणि मध्ये आपण! बाहेर आलो की समोर काँक्रीटच्या करड्या, भक्कम इमारती. वॉल्टर नेत्श या वास्तुशिल्पकाराने या आवाराची योजना केली आणि १९६५ साली ते उघडले. इमारतींना लाघव फारसे नाही; किल्ल्यासारखा करारीपणा आहे. त्यांतून चालत टेलर रस्त्यावर आलो. इथल्या एका इमारतीत ‘इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबोरेटरी’ होती. नाव एवढे लांब, पण जवळची मंडळी तिला तीन अक्षरांत ‘ईव्हीएल’ म्हणतात.

या प्रयोगशाळेचा जन्मच मोठा मजेदार आहे. १९७३ साली टॉम डीफँटी नावाचे संगणकशास्त्रज्ञ आणि डॅन सँडिन नावाचे कलावंत या दोघांनी मिळून ती काढली. एक गणिताचा आणि एक रंगांचा! आपल्याकडे विज्ञानशाखेचे आणि कलाशाखेचे प्राध्यापक चहाच्या टेबलावरसुद्धा वेगवेगळे बसतात. इथे मात्र अभियंते आणि चित्रकार एका छपराखाली शिकतात, हे पाहून मराठीच्या मास्तराला जरा हेवाच वाटला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात शत्रूच्या गोलकाची रेखाचित्रे संगणकावर फिरताना दिसतात. लॅरी क्यूबा या कलावंताने ती तयार केली ती इथल्याच सामग्रीवर.

१९९२ साली या मंडळींनी एक खोली बांधली. तीन भिंतींवर आणि जमिनीवर चित्रे पाडायची आणि मध्ये माणसाने उभे राहायचे. तिचे नाव ‘केव्ह’, म्हणजे गुहा. प्लेटोने गुहेत बांधून घातलेल्या माणसांची गोष्ट सांगितली आहे. त्यांना भिंतीवरच्या सावल्याच तेवढ्या दिसतात आणि त्यांनाच ती सत्य समजतात. यंत्रविद्येच्या माणसांनी आपल्या यंत्राला हे नाव द्यावे, यातला मिस्कीलपणा मला फार आवडला. सावल्यांच्या भिंतीला ‘गुहा’ म्हणायला धैर्य लागते.

आम्ही पाहायला गेलो ती या गुहेची धाकटी बहीण, २०१२ साली झालेली ‘केव्ह टू’. खोलीत पाऊल टाकले तेव्हा प्रथम दिसला तो अंधार. मग लक्षात आले की आपण एका मोठ्या रांजणाच्या आत उभे आहोत. चोवीस फूट व्यासाचे वर्तुळ, आठ फूट उंचीची भिंत, आणि आत येण्यापुरती एक फट सोडली तर सगळीकडे पडदेच पडदे. एकावर एक चार, अशा अठरा रांगा; एकूण बहात्तर पडदे. त्यांना चालवायला छत्तीस संगणक, एकेकाच्या वाट्याला दोन पडदे. आम्हांला माहिती द्यायला संशोधन करणारा एक तरुण विद्यार्थी होता. मोठा उमदा आणि हसतमुख.

“एवढे तुकडे जोडण्यापेक्षा एकच मोठा पडदा का नाही घेतला?” मी आपला बाळबोध प्रश्न विचारला.

तो म्हणाला, “मोठा पडदा म्हणजे मोठे चित्र, पण ठिपके तेवढेच. सिनेमाच्या पडद्याजवळ जाऊन पाहा, चित्र फुटते. आम्हांला आकार नको होता, बारकावा हवा होता.”

मग त्याने हिशेब सांगितला. घरातल्या चांगल्या टेलिव्हिजनवर त्या काळी वीस लाखांच्या आसपास ठिपके असत. या भिंतीवर साडेसात कोटींच्या घरात. म्हणजे तसे छत्तीस टेलिव्हिजन एका चित्राला जुंपलेले! आणि प्रत्येक ठिपका म्हणजे पुन्हा तांबडा, हिरवा, निळा असे तीन शेजारी. मला एकदम स्युरा आठवला. वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहिले की ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. पुढे जाऊन नाक लावले की दिसतात. पूर्वी अशी कामे प्रोजेक्टरवर होत. पण प्रोजेक्टरचे दिवे हळूहळू मंदावतात, एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही आणि जोडावरच्या रेघा कोणीतरी सारख्या सरळ करत बसावे लागते. सपाट पडदे कारखान्यांतून ढिगांनी निघू लागले आणि स्वस्त झाले, तेव्हा विटा रचाव्यात तसे ते रचून भिंती बांधण्याची कल्पना ठिकठिकाणी निघाली. कॅलिफोर्नियात ‘नासा’ने २००८ साली १२८ पडद्यांची भिंत उभारली. न्यूयॉर्कजवळ स्टोनी ब्रूक विद्यापीठात २०१२ साली तब्बल ४१६ पडद्यांची एक आख्खी खोली झाली. तिच्यात दीडशे कोटी ठिपके!

अशा भिंतीत खरी कसोटी असते ती एकमेळाची. छत्तीस संगणक आपापल्या तुकड्याचे चित्र वेगवेगळे काढत असतात. एक जरी क्षणभर मागे राहिला तरी चित्र फाटते. भजनात एका टाळकऱ्याचा ताल चुकला तर सगळ्या दिंडीला कळते ना, तसेच. म्हणून एक मुख्य संगणक सर्वांना ठेका देत असतो. आणि दोन पडद्यांच्या मधली काळी रेघ? ती केसासारखी बारीक केली आहे, पण पुरती गेलेली नाही. प्रथम ती डोळ्यांत खुपते. मग खिडकीच्या गजांसारखी तिची सवय होते आणि आपण गजांपलीकडे पाहू लागतो.

त्याने आम्हांला काळे चष्मे दिले आणि भिंत जागी झाली. प्रथम आम्ही मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात शिरलो. वडाच्या पारंब्यांसारख्या वाहिन्या अंगावर लोंबत होत्या. मी तर हाताने बाजूला सारायला गेलो! मग अंटार्क्टिकातले बॉनी सरोवर आले. हे सरोवर कायम बर्फाने झाकलेले असते. २००८ आणि २००९ साली बर्फाला भोक पाडून त्यातून एक यंत्रमानव पाण्यात सोडला आणि आवाजाच्या लहरींनी तळाची मोजदाद केली. गुरूच्या युरोपा या चंद्रावरही बर्फाखाली पाणी आहे असे मानतात. तिथे कधी जायचे झाले तर ही तालीम. यंत्राने आणलेले आकडे कागदावर म्हणजे नुसती रुक्ष जंत्री. ते आकडे या खोलीत ठिपके होऊन उभे राहिले, आणि सरोवराचा अभ्यास करणारी मंडळी त्या तळावर उभी राहून एकमेकांशी वाद घालू लागली. एकाने बोट दाखवायचे, दुसऱ्याने जवळ जाऊन पाहायचे, तिसऱ्याने नाही म्हणायचे. “पत्रांतून जे महिनोन्‌महिने चालायचे, ते इथे समोरासमोर उरकते,” असे तो विद्यार्थी म्हणाला.

एक गंमत त्याने शेवटी सांगितली. या चष्म्यांपैकी एकालाच चमकत्या खुणा लावलेल्या असतात. छताजवळचे कॅमेरे त्या खुणांवर नजर ठेवतात आणि सारे चित्र त्या एका माणसाच्या डोळ्यांना धरून काढले जाते. तो वाकला की जग वाकते. बाकीच्यांना तेच चित्र दिसते, पण किंचित तिरपे. त्याने तो चष्मा माझ्या हाती दिला. मी उत्साहाने खाली वाकलो, डावीकडे गेलो, उजवीकडे मान केली. तोच मागून भाची म्हणाली, “मामा, जरा स्थिर उभे राहा ना! तुमच्या पाहण्यानं आम्हांला घेरी येतेय.”

यानंतर जे घडले त्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहायला बसलो. ही भिंत नुसती एक अखंड जग दाखवते असे नाही. तिचे तुकडे करून एकेका तुकड्यावर वेगवेगळे कागद लावता येतात. कोणीही आपला लॅपटॉप उघडावा आणि त्यातले पान भिंतीवर टांगावे. “तुमच्याजवळ काही असेल तर लावा,” असे तो विद्यार्थी म्हणाला. भाची क्षणभर घुटमळली आणि मग तिने भिंतीवर लावली ती आमची गिरगावातली चाळ.

इथे थोडे घरचे सांगितले पाहिजे. त्या चाळीत मी आणि माझी बहीण वाढलो. आई अजून तिथेच राहत होती आणि भाड्याची पावती तिच्या नावावर होती. चाळ पाडून तिथे मोठी इमारत उठवायचे ठरले होते. बिल्डरने नकाशे पाठवले होते आणि संमतिपत्रावर आईच्या सहीची वाट पाहिली जात होती. चाळ जुनी झाली होती, पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहावे लागे. तेव्हा नको म्हणण्याचे कारण कोणालाच नव्हते. नको म्हणत होती ती एकटी आई, आणि तिला कारण सांगता येत नव्हते. ते नकाशे मीही मोबाइलवर पाहिले होते. पण मोबाइलवर खोली मोठी केली की इमारत हरवायची, आणि इमारत दिसली की खोली हरवायची.

आता तो नकाशा माझ्या डोक्याहून उंच होऊन उभा राहिला. डावीकडे जुन्या चाळीचा, उजवीकडे नव्या इमारतीच्या एका मजल्याचा. कोपऱ्यातले बारीक आकडेसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येत होते, आणि दोन पावले मागे सरले की सगळा मजला एका नजरेत येत होता. जुन्या नकाशात सगळी दारे एका रांगेत गॅलरीवर उघडत होती. नव्यात दारे लिफ्टभोवती आणि एकमेकांना पाठमोरी. ते मला दिसले. पण भाचीला आणखी काही दिसले. ती भिंतीजवळ गेली, एका चिंचोळ्या पट्टीवर बोट ठेवले, मागे आली, पुन्हा गेली.

“मामा, हे बघा. मागच्या बाजूच्या तीन बिऱ्हाडांची स्वयंपाकघरं. खिडकी आहे, पण ती उघडते या बोळात. बोळाची रुंदी दीड मीटर, आणि वर सोळा मजले. आजीचं घर यातलंच आहे.”

मी जवळ जाऊन आकडा वाचला. दीड मीटर. सोळा मजल्यांच्या स्वयंपाकघरांचा धूर आणि वास घेऊन वर जाणारा, ऊन कधी न पाहिलेला बोळ! कागदात काही लपवलेले नव्हते. सगळे लिहिलेले होतेच. फक्त ते अक्षर एवढे लहान आणि कागद एवढा मोठा की दोन्ही एका वेळी कोणाच्या डोळ्यांत मावत नव्हते.

त्या विद्यार्थ्याने विचारले, “ही कुठली इमारत?” भाची म्हणाली, “अजून कुठलीच नाही. म्हणून तर बरं.”

बाहेर आलो तेव्हा दोघेही फारसे बोलत नव्हतो. ती मला चालतच पाच मिनिटांवरच्या ‘हल हाउस’मध्ये घेऊन गेली. जेन ॲडम्स या विदुषीने आपली मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्यासह १८८९ साली गरिबांच्या वस्तीत हे घर उघडले. परदेशांतून आलेले कष्टकरी, त्यांच्या बायका, त्यांची पोरे यांच्यासाठी पाळणाघर, वर्ग, वाचनालय, स्वयंपाकघर. १९३१ साली ॲडम्सबाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता ते घर संग्रहालय आहे.

पण मला खिळवून ठेवले ते तिथल्या नकाशांनी. १८९५ साली हल हाउसच्या रहिवाशांनी ते छापून प्रसिद्ध केले. फ्लॉरेन्स केली या बाईंच्या देखरेखीखाली १८९३ साली हॉल्स्टेड रस्त्याच्या पूर्वेकडची वस्ती घरोघर जाऊन विचारून काढली होती. एका नकाशात कोणत्या घरात कोणत्या देशाची माणसे राहतात ते रंगांनी दाखवले आहे. अठरा जातींचे लोक त्या चिमुकल्या तुकड्यात दाटले होते. दुसऱ्या नकाशात प्रत्येक कुटुंबाची आठवड्याची मिळकत. पाच डॉलर किंवा त्याहून कमी मिळवणाऱ्यांचा रंग काळा. काळ्या ठिपक्यांचे पुंजके कुठे आहेत ते लांबूनही दिसते, आणि वाकून पाहिले की एकेक घर वेगळे होते. संगणक नाही, वीज नाही, पण विद्या तीच. उलट एक गोष्ट इथे जास्त होती. यातला प्रत्येक ठिपका मिळवायला कोणीतरी अंधारे जिने चढून दार ठोठावले होते. याच केलीबाई त्याच सुमारास इलिनॉय राज्याच्या कारखाना-निरीक्षक झाल्या आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यांत राबवू नये या १८९३ च्या कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याकडे आली. ज्यांनी दारे ठोठावली होती त्यांना तो कायदा कोणासाठी आहे हे सांगावे लागले नसेल.

“आणि ही वस्ती आता कुठे आहे?” मी विचारले.

भाचीने बाहेर बोट दाखवले. समोर काँक्रीटच्या त्या करारी इमारती उभ्या होत्या. १९६१ साली शिकागोच्या नगरपालिकेने विद्यापीठासाठी हीच जागा मुक्रर केली. कागदावर ही ‘झोपडपट्टी’ होती; राहणाऱ्यांच्या लेखी ते घर होते. फ्लॉरेन्स स्काला नावाच्या इटालियन घराण्यातल्या, त्याच मोहल्ल्यात वाढलेल्या बाईंनी शेजारणींना गोळा केले, महापौरांच्या कचेरीत ठाण मांडले, कोर्टाच्या पायऱ्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झिजवल्या, आणि १९६३ साली त्या हरल्या. हजारो माणसे उठली. खुद्द हल हाउसच्या तेरा इमारतींपैकी दोनच उरल्या. त्यांतल्याच एकीत आम्ही उभे होतो. ज्या मोहल्ल्याचा असा घरपट नकाशा झाला, त्याच्या उंबऱ्यावरची वस्ती दुरून आखलेल्या एका रेघेने गेली!

“तरी विद्यापीठ झालं ते वाईट झालं असं नाही म्हणता येत,” भाची म्हणाली. “मी तिथेच शिकतेय. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अशी आहेत की त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी तीच पहिली.”

“मग स्कालाबाईंचं चुकलं?”

“नाही. त्यांचा चष्मा कोणी घालून पाहिला नाही, एवढंच.”

टेलर रस्त्याच्या वरच्या अंगाला अजून थोडी इटालियन वस्ती टिकून आहे. तिथे उन्हाळ्यात बर्फाचा चुरा घातलेले लिंबाचे सरबत मिळते. ते घेऊन आम्ही कट्ट्यावर बसलो. मुंबईत तेव्हा सकाळ झाली असेल असा हिशेब करून भाचीने आजीला फोन लावला. बोळाची गोष्ट सांगितली. आईने ऐकून घेतले आणि मग, जे तिला इतके दिवस सांगता येत नव्हते, ते एका प्रश्नात विचारले.

“ते खिडकीचं तुम्ही बघा गं. मला एवढंच सांग, दुपारी दार उघडं टाकलं तर समोर कोण दिसेल?”

भाचीजवळ उत्तर नव्हते. नकाशात दार होते, दाराची रुंदी होती, ते कोणत्या अंगाला उघडते त्याची कमानही होती. दाराबाहेर लिफ्टची भिंत होती. ती म्हणाली, “आजी, तेही विचारते.”

संमतिपत्रावर आईची सही झाली, पण तीन महिन्यांनी. मागच्या तिन्ही बिऱ्हाडांनी मिळून पत्र दिले, दोन बैठका झाल्या, आवाज चढले, आणि अखेर स्वयंपाकघरे फिरवून त्यांच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला आल्या. दारांचे मात्र काही जमले नाही. लिफ्ट हलवता येईना. आईने तेवढे सोडून दिले. पण सही करताना “हे मी सोडलंय, विसरले नाही,” असे बजावून केली.

२०१९ साली भाची परत आली. जुन्या चाळींच्या पुनर्बांधणीत ती रहिवाशांच्या बाजूने नकाशे वाचून देण्याचे काम करते. भिंत काही तिच्याजवळ नाही. ती नकाशाची मोठी प्रत काढते, चाळीच्या चौकात चादरीसारखी जमिनीवर पसरते, कोपऱ्यांवर चपला ठेवते आणि लोकांना त्यावर चालायला सांगते. ज्याचे त्याने आपले घर शोधायचे, वाकून आकडे वाचायचे आणि मग उठून सगळी इमारत पाहायची. त्याआधी ती जिने चढून प्रत्येक बिऱ्हाडात जाऊन येते. तिच्या तक्त्यात माणसे किती, मिळकत किती, पाणी किती वाजता येते असे रकाने आहेत. शेवटचा रकाना तिने स्वतः वाढवलेला आहे. त्यावर लिहिले आहे : दार उघडे ठेवले तर समोर काय दिसते?

हा रकाना बहुधा कोणी रिकामा सोडत नाही, असे ती सांगते.